खालच्या ओळीतलं नाही

पैज लागली तेव्हा पट्टीकरच्या तोंडात बिस्किट होतं, आणि ते पुढचे पाच दिवस त्याच्या घशाखाली नीट उतरलं नाही. मंगळवारची संध्याकाळ होती. टेलरमामांच्या दुकानाच्या पायरीवर नेहमीची बैठक बसली होती. म्हणजे मामा मशीनवर, दातांच्या डॉक्टरीणबाई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरचे दोघंतिघं जागा मिळेल तिथं टेकलेले. पट्टीकर हे त्याचं आडनाव नव्हे. परदेशी मालिका टीव्हीवर लागतात तेव्हा खाली मराठीत ओळी येतात ना, पट्ट्या, त्या लिहिणं हा त्याचा धंदा. खरं आडनाव चांगलं चारचौघांसारखं होतं, पण मामांनी एकदा पट्टीकर म्हटलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा खाली उभं राहून तसंच ओरडायचा. बोलणं चाललं होतं सातच्या मालिकेवर. बंदरावरचं एक घर, त्या घरातला थोरला कप्तान बोटीवर निघून गेलेला, त्याची बायको वाट बघतेय, म्हातारी आई आहे, तिला सांभाळणारा धाकटा बेकरीवाला आहे. शनिवारी शेवटचा भाग. कप्तान परत येणार की नाही?

"येतोय," मामा दोरा दातानं तोडत म्हणाले. "त्यानं स्वतः सांगितलं फोनवर. गेल्या आठवड्यात."

"काय सांगितलं?"

"आता मी परत येणार. मी ह्या डोळ्यांनी वाचलं."

"मामा, चष्मा बदला. आता मी परत येणार नाही, असं म्हणाला तो. मी दवाखान्यात बसून वाचलं. एकाची दाढ तशीच उघडी ठेवून वाचलं."

"दाढेवर लक्ष ठेवा तुम्ही. नाही कुठं होतं त्यात?"

"होतं."

"नव्हतं हो बाई. फोन ठेवला, रडला, आणि येणार म्हणाला. येणारा माणूस आनंदानं रडत नाही का?"

झालं. डॉक्टरीणबाई स्टुलावरून उठल्या. हरेल त्यानं रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचं. गळ्यात पाटी. जो कोणी जे बोलेल ते त्या पाटीवर लिहून दाखवायचं, तासभर. "ह्या पट्टीकरचा धंदा हरणाऱ्याच्या गळ्यात," त्या म्हणाल्या, "आणि नियम कडक. बोललेलं सगळं लिहायचं, गाळायचं काही नाही. आणि न बोललेलं मनातलं काही घुसडायचं नाही." लोकांना हे इतकं पटलं की रविवारी काय काय बोलायचं ह्याच्या याद्या तिथंच सुरू झाल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की लिहिणारा तर इथंच बिस्किट खातोय. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. त्यानं हात वर केले. शेवट फोडणार नाही असा कागद त्यानं ऑफिसात सही करून दिलेला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "फोडू नकोस," बाई म्हणाल्या, "नुसती बाजू घे. तूपण पैजेत." आणि ह्या गड्याला, ज्याला कप्तान येत नाही हे दीड महिन्यापासून माहीत होतं, बाईंची बाजू घेणं म्हणजे शेवट फोडणंच. तो म्हणाला, "मी मामांच्या बाजूनं." मामांनी त्याच्या पाठीवर असा हात मारला की बिस्किट आडवं झालं.

पण ते आडवं झालं होतं त्याच्या आधीच. मामा 'नाही कुठं होतं' म्हणाले तेव्हाच. कारण ते नाही कुठं होतं हे जगात फक्त त्याला माहीत होतं. ते खालच्या ओळीत होतं. वरच्या ओळीत 'आता मी परत येणार', आणि खालच्या ओळीत, एकटंच, मधोमध, 'नाही'. तसं त्यानं मुद्दाम ठेवलं होतं. तोडलेली ओळ ही त्याची खासियत. दुसरे लोक बत्तीस अक्षरं भरली की जागा मिळेल तिथं ओळ मोडतात. हा श्वास बघून मोडायचा. मराठीत नाही शेवटी येतं ह्यावर त्याचा भारी जीव. बघणारा वरची ओळ वाचतो, क्षणभर खूश होतो, मग नजर खाली जाते आणि धप्पकन बसते. लपून बसावं आणि कोणी आलं की भो करावं, तसला आनंद होता त्यात. चाळीशी उलटलेल्या माणसाला भो करायला पगार मिळतो, आणखी काय पाहिजे. जिना चढता चढता त्याला आठवत होतं की मामांच्या दुकानातला टीव्ही जुना आहे, फुगीर काचेचा, डब्याएवढा पाठीचा. असले जुने डबे चित्राच्या चारी कडा थोड्या खातात. काचेच्या चौकटीमागं कोपरे जातात, वरचं थोडं जातं, खालचं थोडं जातं. आणि पहिल्या मजल्यावर बाईंच्या दारापाशी त्याला दुसरं आठवलं आणि तो जिन्यातच थांबला. मामांनी तो डबा घेतला त्याच दिवशी, त्याच दुकानातून, त्याच हातगाडीवरून अगदी तसाच दुसरा डबा ह्या इमारतीत आला होता. बाबांनी आणला होता. तो तिसऱ्या मजल्यावर होता, आणि त्याच्यासमोर आई बसलेली असायची.

आईला ऐकू येत नाही. आधी एका कानानं गेलं, मग बाबा गेले त्या वर्षी दुसऱ्यानंही. ती बोलते खणखणीत, स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे जरा जास्तच खणखणीत. समोरच्यानं वहीत लिहून दाखवायचं. वही टीपॉयवर, दोरीनं बांधलेली पेन्सिल. त्या वहीत गेल्या तीन वर्षांत त्यानं काय लिहिलं होतं? 'जेवलीस का.' 'उशीर होईल.' 'गोळी घे.' 'बघू.' दिवसभर दुसऱ्यांची बोलणी लिहून हात इतका आंबायचा की घरी आल्यावर एक काना काढायचा म्हणजे जिवावर यायचं. आणि टीव्ही तर नकोच. ऑफिसात आठ तास पडदाच. म्हणून सात वाजता तो आपला आतल्या खोलीत पडून राहायचा आणि बाहेर आई त्याच्या ओळी वाचत बसायची. मालिका तिला आवडते म्हणून नव्हे. त्यानं लिहिलेली म्हणून. एकदा शेजारणीला सांगत होती, तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "माझ्याशी बोलत नाही फारसा, पण तिथं लिहितो हो पुष्कळ." त्याचं लग्न झालं होतं, ते पहिल्या ओळीतच संपलं. तेव्हापासून घरात दोघंच.

त्या मंगळवारी तो तिच्या शेजारी जाऊन बसला. तिनं चष्म्याच्या वरून पाहिलं. "बरं वाटत नाही का?" त्यानं मान हलवली आणि पडद्याकडे बघू लागला. वरची ओळ दिसत होती. खालच्या ओळीची फक्त डोकी दिसत होती. काचेच्या कडेला एक पांढरी शिरोरेषा टांगलेली, कपडे उडून गेलेल्या दोरीसारखी. तिच्यावर कुठं एखादी मात्रा, कुठं एखादा अनुस्वार, बुडणाऱ्याच्या नाकातून निघालेल्या बुडबुड्यासारखा. अक्षरांची धडं चौकटीखाली. उकार तर सोडाच, ते बिचारे जन्मतःच खाली लटकणारे. त्यानं नेट लावून पाहिलं तेव्हा मधोमध एक आखूड रेघ आली, दोन अक्षरांएवढी, आणि तिच्या उजव्या टोकावर एक वेलांटी मागं वळलेली. नाही. स्वतःच्या पोराला नुसत्या शेंडीवरून ओळखावं तसं त्यानं ते ओळखलं. पडद्यावर पोस्टमन मान हलवत होता आणि वरच्या ओळीत लिहिलेलं होतं, 'ते पत्र मी उघडलं'. गेले आठ महिने ह्या घरात आणि मामांच्या दुकानात तो पोस्टमन दुसऱ्यांची पत्रं उघडत होता. त्याला हसू यायला हवं होतं. त्यानं वही ओढून लिहिलं, 'खालची ओळ दिसते का तुला?' आईनं वाचलं. "ओळ आहे का ती? मला वाटलं नक्षी आहे," ती म्हणाली. मामांना दुसऱ्या दिवशी विचारलं तर ते म्हणाले, मला वाटलं काठाला गोट मारलाय.

आठ महिन्यांपूर्वीचा तो दिवस त्याला आता लख्ख दिसायला लागला. संगणकाच्या पडद्यावर पूर्वी एक तुटक रेघांची चौकट असायची, मोठ्या चित्राच्या आत एक लहान चित्र. तिला सगळे सुरक्षित चौकट म्हणायचे. आता रिटायर झालेल्या हेडबाईंनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: अक्षर ह्या रेघेच्या आत. बाहेर गेलेलं अक्षर कोणाच्या तरी घरात मेलं म्हणून समजायचं. हेडबाई गेल्या, त्यांच्या जागी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान साहेब आला. बूट पांढरे, बोलणं झटपट. साहेब म्हणाला, अक्षरं नटीच्या हनुवटीवर येतात, खाली घ्या. आता सगळ्यांकडे चपटे टीव्ही आहेत, पूर्ण चित्र दिसतं. आणि ती चौकट बंद करायचं बटण दाबलं कोणी? ह्यानंच. आपल्या ह्या बोटानं. दाबताना मोकळंसुद्धा वाटलं होतं, गळ्याचं बटण काढल्यासारखं. मोकळं कशापासून? तो आपला बोटाकडे बघत बसला, आणि आठ महिन्यांतली सगळी नाही एकेक करून मनात येऊन बसू लागली. 'मी तिला मारलं', नाही. 'हे मूल माझं', नाही. 'डॉक्टर आता काही आशा नाही असं म्हणाले', नाहीत. किती ओळी, देवा. किती लोकांना त्यानं फासावर लटकवलं होतं. आणि मग ती आली, दोन महिन्यांपूर्वीची. थोरली बहीण बेकरीवाल्याला म्हणते, आईला त्या म्हाताऱ्यांच्या घरी ठेव, तुला झेपत नाही. बेकरीवाला हात पिठात घालून उभा असतो. रडतो. वरची ओळ: 'आईला त्या घरी ठेवणार'. खालची ओळ: 'नाही मी'.

शेजारी आई शांत बसून होती. दोन्ही हात मांडीवर, बसस्टॉपवर बसतात तशी. आणि हे तिचं असं बसणं कधीपासूनचं, असं त्यानं स्वतःला विचारलं मात्र, दोन महिने डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टी एकदम दिसायला लागल्या. खिडकीतल्या दोन कुंड्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेल्या होत्या. "आईंनी दिल्या, गोड आहेत हो," असं बाई म्हणालेल्या. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या होत्या, मीठ, साखर, डाळ, मोठ्या अक्षरांत. त्याला वाटलं होतं तिला आठवत नसेल म्हणून. पण विसरत तर ती नव्हतीच. विसरणारा तो होता, मीठ कुठं आहे हे त्याला कधीच माहीत नव्हतं. त्या चिठ्ठ्या त्याच्यासाठी होत्या. तो उठून तिच्या खोलीत गेला. तिला ऐकू येत नाही ह्याचा फायदा घेऊन माणूस तिच्या पाठीमागं काहीही करू शकतो, ही गोष्ट त्याला नेहमीच चोरासारखी वाटायची, आणि आज तर तो खरंच चोरासारखा कॉटखाली वाकला. पिशवी होती. निळी, चेनची, बाबांची. आत चार कपडे, टॉवेल, चपला कागदात गुंडाळलेल्या. आणि एक कोरी वही. नवी, अजून दुकानाचा वास असलेली, आणि तिच्याबरोबर टोकं काढलेल्या तीन पेन्सिली. तिथल्या अनोळखी माणसांनी लिहून दाखवायला. त्यानं वही परत ठेवली आणि चेन लावताना ती अर्ध्यात अडकली, आणि तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. बाहेर मालिकेची शेवटची पाटी लागल्याचं संगीत वाजत होतं, आईसाठी नव्हे.

आता सरळ माणूस काय करील? बाहेर जाईल, वहीत लिहील, 'अगं, तो नाही म्हणाला होता, मीपण नाही म्हणतोय.' दोन ओळींचं काम. पण ह्याचा पाय उचलेना, कारण आपला हा पट्टीकर टीव्हीवर सगळं ढकलून मोकळा होण्याइतका भोळा नव्हता. हिवाळ्यात एकदा आईनं नळ उघडा ठेवला होता. पाणी तीन मजले उतरून मामांच्या दुकानात, कोणाच्या तरी कोटाच्या कापडावर. आईला नळाचा आवाज कसा येणार? मग एकदा गॅस. मग एकदा तो किल्ली विसरला आणि पाऊण तास दार बडवत राहिला, आणि आत ती बसली आहे की पडली आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. त्याच्या ताईनं दुसऱ्या गावाहून एका वृद्धनिवासाची माहिती पाठवली, चकचकीत कागदावर, आणि खाली लिहिलं, 'तुला झेपत नाहीये, कबूल कर.' तो कागद आईनं टीपॉयवर पाहिला आणि विचारलं, "मला तिथं ठेवणार आहेस का?" त्यावर त्यानं वहीत लिहिलं होतं, 'बघू'. आणि बघूनही आला. जेवणाच्या सुट्टीत. स्वच्छ खोली, खिडकीत झाड, दिवा लागतो अशी दाराची घंटा. फॉर्म घेतला. अर्धा भरला. नाव, वय, आजार. सहीची जागा रिकामी. फॉर्म आता ऑफिसच्या खणात होता. त्यामुळे बेकरीवाल्याचं ते 'नाही मी' टाइप करताना ह्याचं बोट घुटमळलं होतं, हेही त्याला आता आठवलं. हेवा वाटला होता. एक पिठानं भरलेला नट किती आरामात नाही म्हणून मोकळा होतो. म्हणजे आईनं वाचलं ते चुकीचं होतं का? टीव्हीनं तर फक्त खालची ओळ कापली होती. त्याचं स्वतःचं वाक्य आठ महिने वरच्याच ओळीत उभं होतं, खाली काय येणार ते त्यालाच माहीत नव्हतं.

गुरुवारी शेवटचा भाग द्यायचा होता. त्यानं बटण दाबून ती तुटक चौकट परत आणली, सगळ्या ओळी तिच्या आत उचलल्या, आणि साहेब पांढऱ्या बुटांनी मागं येऊन उभा राहिला. "हे काय? नटीच्या गळ्यात अक्षरं."

"तिच्या गळ्यात चालतील. लोकांच्या घरात अर्धी नकोत."

"कोणाच्या घरात? असले डबे किती उरलेत आता?"

"दोन. मला माहीत असलेले."

"दोन," साहेब म्हणाला, आणि हसला नाही, हेच वाईट. "खाली घ्या." तो गेला. पट्टीकरनं ओळी खाली घेतल्या, जिथल्या तिथं, एका ठिपक्याचा फरक नाही. मग खुर्ची पुढं ओढली आणि त्याच्या अंगात जुना भो करणारा शिरला. ओळी दोन. जागा ठरलेली. पण खालच्या ओळीत काय लिहायचं हे साहेबानं सांगितलेलं नव्हतं. त्यानं खालच्या प्रत्येक ओळीत एक मोकळी जागा टाकली, नुसती कोरी, आणि बोलणं सगळं वरच्या ओळीत. म्हणजे आख्ख्या भागातलं प्रत्येक वाक्य बत्तीस अक्षरांच्या आत. कप्तानाच्या बायकोचं लांबलचक भाषण होतं, ते त्यानं सोलून सोलून गाभ्यापर्यंत आणलं. 'मला कधीकधी असं वाटायचं की' गेलं. 'खरं सांगायचं तर' गेलं. खरं सांगायला एवढी जागा लागते कशाला. चारशे वीस वाक्यं त्यानं अशी कापली, आणि एकाही वाक्याचं नाही मात्र कापलं गेलं नाही. प्रत्येक नाही वर उचलून, जवळच्या शब्दाला खेटून, सगळ्यांबरोबर एका बाकावर बसवलं. कप्तानाचं शेवटचं पत्र: 'मी परत येणार नाही.' पाच वाजता साहेबानं पाहिलं, म्हणाला, "हां, आता कसं मोकळं वाटतंय." निघताना पट्टीकरनं खण उघडला, फॉर्म पाहिला, आणि खण लावला. फाडला नाही. फाडायला काय, एक झटका. पण कोणी न बघता फाडलेला कागद म्हणजे कोणी न वाचलेली ओळ, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, की हा नुसता पळपुटेपणा होता? त्यानं खण परत उघडला आणि फॉर्म खिशात घातला. शुक्रवारी आईनं विचारलं, "तुला झोप येत नाही का?" तर त्यानं पेन्सिल हातात घेतली आणि लिहिलं, 'काम'.

शनिवारी सात वाजता दोघं शेजारी बसले. खाली मामांच्या दुकानात गर्दी, वर पायऱ्यांपर्यंत गलका. आईपर्यंत त्यातलं काही नाही. ओळी आल्या, एकेक, पूर्ण, पायापासून डोक्यापर्यंत. उकारसुद्धा. पोस्टमन म्हणाला, 'मी ती पत्रं उघडली नाहीत', आणि आई पुढं झुकली. ह्याचा जीव सुपाएवढा झाला. आता बेकरीवाला म्हातारीला पांघरूण घालील, आता आईला कळेल. पण बेकरीवाला पांघरूण घालतो त्या वेळी काही बोलतच नाही. न बोलणाऱ्याची पट्टी कशी लिहिणार. आणि लगेच पत्र. कप्तानाचा हात, कागद, समुद्र, आणि वरच्या ओळीत, ठसठशीत: 'मी परत येणार नाही.' खालून एकच आरडाओरडा उठला, बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. आई त्या ओळीकडे बघत होती. मग तिनं हळूच मान हलवली, गाडीची वेळ कळल्यावर हलवतात तशी. परत येणार नाही. पट्टीकरला कळलं की एवढं करून त्यानं तिच्या हातात नेमकं तेच वाक्य धडधाकट आणून ठेवलंय. त्यानं वही ओढली. पण आई उठली होती. टीव्हीवर तिनं कापड घातलं, ते चारी बाजूंनी नीट केलं, आणि आत गेली. दार लावलं. दाराला टकटक करून उपयोग नव्हता.

रविवारी सकाळी अंगणात ऊन होतं आणि पाटी डॉक्टरीणबाईंनी स्वतः आणली होती, दोन्ही बाजूंना दोरी बांधून. हरणारे दोन, पण मामांचं अक्षर वाचायला औषधांच्या दुकानदाराला बोलवावं लागेल असं ठरून त्यांना फक्त फडकं धरायची शिक्षा झाली. पट्टीकर खुर्चीत. गळ्यात पाटी. लोकांनी त्याला असं काही बोलून घेतलं की विचारू नका. तिसऱ्या मजल्याचा पट्टीकर आंघोळीत गातो, लिही. पट्टीकर कप्तानाइतकाच खोटारडा आहे, शेवट माहीत असून हरला, लिही. तो लिहीत होता, दाखवत होता, मामा पुसत होते. हसू आजूबाजूला सांडत होतं आणि त्याची नजर जिन्याच्या तोंडाकडे होती. वीस मिनिटं झाली असतील. आई आली. एकेक पायरी, कठड्याला धरून, दुसऱ्या हातात निळी पिशवी. बाहेर जायचे कपडे. अंगण आधी हसलं, मग पिशवी बघून हळूहळू बंद पडलं.

"मालिका संपली," आई तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली. "म्हटलं आता निघायचं असेल."

पट्टीकरचा हात हलला. नियमानं नव्हे, सवयीनं. 'मालिका संपली. म्हटलं आता निघायचं असेल.' त्यानं ते तिच्याकडे धरलं. सगळ्यांनी वाचलं.

"तुझा फॉर्म शर्टाच्या खिशात सापडला होता मला, थंडीत. धुवायला टाकला होतास. वाचून परत ठेवला. मग तो बेकरीवालापण ठेवणारच म्हणाला. मी म्हटलं, तोंडानं सांगायला जड जात असेल, म्हणून तिथं लिहिलंस. म्हातारी त्याच्या घरातच होती तेवढे दिवस, म्हटलं तारीख ठरायची असेल." ती थांबली. "सही राहिलीय तुझी. पेन आणलंय मी."

खडू पाटीवर टेकला आणि तिथंच राहिला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "राहू दे रे. हे नको लिहू." पण त्यानं लिहिलं. पाटी भरली, मामांनी पुसली, परत भरली. 'फॉर्म खिशात सापडला.' 'तोंडानं सांगायला जड जात असेल.' 'सही राहिलीय तुझी.' ज्यांच्या कापडावर पाणी पडलं ते मामा हातातलं फडकं घेऊन त्याच्या अगदी कानाशी उभे होते आणि त्यांचा श्वास ह्याला ऐकू येत होता. मग त्यानं पाटी स्वतःच्या बाहीनं पुसली आणि कोणी काही बोललेलं नसताना लिहायला लागला.

"हे कोण बोललं?" बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता, पण सोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत. "नियम आहे. बोललेलंच लिहायचं. आधी बोल."

ज्या एका माणसाला सांगायचं तिला ऐकू येत नाही, आणि ज्यांना ऐकू येतं त्यांना सांगायचं नाही. तरी तो उभा राहिला. पाटी पोटावर आपटली. घशातलं ते मंगळवारचं बिस्किट अजून तिथंच होतं. "नाही," तो म्हणाला. बारीक आवाजात. मग मोठ्यानं, आईच्याच पट्टीत, तीन मजल्यांना ऐकू जाईल असं: "नाही. जाणार नाहीस तू कुठे. मी अर्धा फॉर्म भरला होता, पण नाही."

आणि लिहिलं. नाही सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठं, पाटीची अर्धी जागा खाऊन. उरलेलं खाली दाटीवाटीनं. आई चष्मा सरसावून बघू लागली. मान वाकडी केली. समोर मामांचं कोपर होतं आणि त्याचा स्वतःचा हात.

"वर धर," ती म्हणाली. "खालचं कापलं जातंय."

त्यानं गळ्यातून दोरी काढली आणि पाटी डोक्याच्या वर धरली, दोन्ही हातांनी. आईनं बोट हवेत फिरवत वाचलं, मोठ्यानं, सगळ्या अंगणासाठी, एकेक शब्द. वाचून झाल्यावर तिनं ते पुन्हा एकदा मनात वाचलं. ओठ हलताना दिसले. मग पिशवी खाली ठेवली.

"कुठेचा उकार राहिला," ती म्हणाली.

त्यानं पाटी खाली घेतली आणि क ला उकार दिला. जागा होती. खिशातून तो फॉर्म काढून त्यानं मामांच्या फडक्यावर ठेवला, आणि मामांनी धंद्याची मोठी कात्री दुकानातून आणायला पाऊल उचललं, ते बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं. आईनं इकडेतिकडे पाहिलं, कोणी खुर्ची आणायच्या आत आपल्या पिशवीवरच बसली आणि आतल्या कोऱ्या वहीबरोबरच्या पेन्सिली मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तिच्याखेरीज.

"ह्याची शिक्षा अजून किती वेळ आहे?" तिनं विचारलं.

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि दोन्ही हातांची बोटं तीनदा उघडून दाखवली.

"मग बाकीचे गप्प बसा," आई म्हणाली. "तीन वर्षं ह्यानं वहीत एकेक शब्द टाकलाय माझ्यापुढं. आता मी बोलते. लिहू दे त्याला."